हप्ता बारा महिन्यांचा, हंगाम पाच महिन्यांचा

खान्देशातल्या जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदाराला, नवं स्वयंचलित मशीन दाखवलं, की किंमत विचारण्याआधी तो यंदा कापूस किती येणार याचा अंदाज बांधू लागतो. ही सवय जुनी आहे.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईत भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे घाट ओलांडून भुसावळपर्यंत आली. घरच्या हातरेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या चरकावर, सरकी काढण्याचं काम हळूहळू वाफेच्या जिनांकडे गेलं आणि खान्देशात सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे जिन-प्रेस उभे राहिले. माल स्टेशनवर वेळेत पोचवायचा तर हात पुरत नव्हते, म्हणून यंत्र आलं.

पुढचा मोठा बदल 2000 सालानंतरचा. केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं. तोवर बाया कापूस टोपल्यांनी वाहून रेच्यांत टाकायच्या. आता तो पाइपातून हवेनं ओढला जाऊ लागला. रुईत कचरा कमी, गाठीला भाव बरा. पण कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात आटपतो. समजा, मशीनच्या कर्जाचा हप्ता महिना 25 हजार. वर्षाचे झाले 3 लाख. काम पाचच महिने चाललं तर चालत्या महिन्यावर बोजा पडतो 60 हजारांचा. अनुदानानं किंमत उतरते, हंगाम काही लांबत नाही. बोंडअळीनं पीक गेलं, की तो उलट आखडतो.

जळगावच्या दालमिलचं गणित वेगळं आहे. तूर-हरभरा परराज्यांतून येतो, परदेशातूनही येतो. त्यामुळे मिल जास्त महिने चालते. डाळ निवडायला पूर्वी बायांची रांग बसायची, ते काम आता कॅमेऱ्यानं डागी दाणा हेरून हवेच्या झोतानं उडवणारं सॉर्टेक्स करतं. निवडणाऱ्या बायांची मजुरी वाचली हे खरं, पण माझ्या मते सॉर्टेक्स रुजलं ते गिऱ्हाइकामुळे. पाकीटबंद डाळ विकणाऱ्याला एकसारखा दाणा लागतो.

  

ऑफिसातलं ऑटोमेशन मात्र सक्तीनं आलं. मुनीमजींची लाल चोपडी कित्येक ठिकाणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशेजारी तशीच पडून होती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं ई-वे बिल. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना व्यापाऱ्यांशी होणाऱ्या विक्रीची ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढणं बंधनकारक झालं. पुरवठादारानं बिल पोर्टलवर चढवलं नाही, तर घेणाऱ्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. त्यामुळे पाच माणसांच्या कारखान्यालाही सॉफ्टवेअरचा खर्च वसूल होतो: ते बाराही महिने चालतं, आणि उधारी कुणाकडे किती दिवस थकली हेही दाखवतं.

मोठ्या मशीनबाबत छोट्या मिलवाल्यापुढे आणखी एक वाट असते. पोती टेम्पोत टाकायची, क्विंटलमागे मजुरी मोजून दुसऱ्याच्या सॉर्टेक्सवर माल काढून आणायचा. स्वतःचं मशीन घ्यायचं की नाही, हे त्या मजुरीची वर्षाची बेरीज हप्त्यांशेजारी मांडली की दिसतं.