खोक्यावरचे लिटर आणि स्किमरचा गळा

गुऱ्हाळात रसाला उकळी फुटली की काहिलीवर मळी चढते आणि गुळव्या ती काढत राहतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत प्रोटीन स्किमर हेच करतो, फक्त विस्तवाच्या जागी हवा वापरतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, प्रवाळांचा चिकट स्राव यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाणी टाळतं. असा रेणू बुडबुड्याला भेटला की पाणी टाळणारं टोक हवेकडे करून तिथेच चिकटतो. बुडबुडे वर चढतात, यंत्राच्या वरच्या नळीत म्हणजे गळ्यात दाटतात, त्यांचा घट्ट फेस होतो आणि तो गळ्यावर बसवलेल्या कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात. गोड्या पाण्यात ते लगेच मोठे होतात, म्हणून तिथे हे यंत्र जवळपास निरुपयोगी.

घाण कुजून तिचं अमोनिया आणि पुढे नायट्रेट व्हायच्या आधी ती बाहेर पडते, हा खरा फायदा. एकदा झालेलं नायट्रेट स्किमर काढत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २०१०च्या सुमारास निरनिराळ्या बनावटीचे स्किमर तपासले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी, म्हणजे सेंद्रिय घाणीच्या मापापैकी, २० ते ३५ टक्केच त्यांच्या हाती लागत होता, आणि एका स्किमरमध्ये व दुसऱ्यात फरकही फारसा नव्हता. त्यामुळे दुप्पट पैसे मोजले की दुप्पट सफाई होईल, या हिशेबाने दुकानात जाऊ नये. पैसे द्यायचेच तर टिकाऊ, आवाज न करणाऱ्या पंपासाठी द्यावेत.

आधी स्वतःचं पाणी मोजा. टाकी ९० सेंमी लांब, ४५ रुंद आणि पाणी ४० सेंमी भरलेलं असेल तर १६२ लिटर झालं. त्यातून वाळू-दगडांनी अडवलेले २० वजा करा, संपमधले, म्हणजे स्किमर जिच्यात बसतो त्या टाकीखालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीतले, ४५ मिळवा. हाती १८७ लिटर येतात. स्किमरच्या खोक्यावर बहुधा दोन-तीन आकडे असतात: मासे कमी असतील तर इतके लिटर, भरपूर असतील तर इतके. त्यातला सर्वांत लहान आकडा खरा धरावा. दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ असतील तर तो २०० असला तरी पुरे. पाच-सहा मासे असतील आणि त्यांना दिवसातून तीनदा गोठवलेली कोळंबी घालत असाल, तर ३००च्या आसपासचा घ्या. साठ लिटरच्या आतल्या टाकीला तर स्किमर नसला तरी चालतं. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, काम होतं.

‘मोठाच घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल’ हा विचार इथे अंगाशी येतो. फेस गळ्यातून वर सरकायला गळ्याच्या साऱ्या रुंदीत बुडबुड्यांना धरून ठेवेल इतकी घाण पाण्यात असावी लागते. गळा रुंद आणि मासे चार, तर फेस अर्ध्यावर येऊन फुटतो आणि कप आठवडाभर कोरडा राहतो. म्हणून दुकानात लिटरच्या आधी गळ्याचा व्यास विचारा. वरच्या १८७ लिटरच्या टाकीला सात-आठ सेंटिमीटरचा गळा भरपूर झाला.

दुसरं माप उंचीचं. स्किमर ४५ सेंमी आणि कपाटाची आतली उंची ५० म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कप गळ्यासकट वर उचलून काढावा लागतो. त्यासाठी आणखी दहा-बारा सेंमी मोकळे हवेत, नाहीतर दर धुण्याला सगळा स्किमरच उपसावा लागेल.

संपमधल्या पाण्याची पातळी मात्र कोणी विचारत नाही, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात. समजा, बनवणाऱ्याने १६ ते २० सेंमी खोली सांगितली आहे आणि तुमच्या संपमध्ये पाणी २४ आहे. मग स्किमरखाली सहा सेंमीचा ॲक्रिलिकचा पाट द्या. पातळी सेंटिमीटरभर वर-खाली झाली तरी गळ्यातला फेस बोटं-बोटं हलतो. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, पाण्यावर पंखा लावलेला असतो आणि रोज काही लिटर पाणी उडून जातं. म्हणून स्किमरचा कप्पा ठरावीक उंचीच्या काचेमागे ठेवावा, म्हणजे उडालेल्या पाण्याची घट पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात दिसेल आणि स्किमरची पातळी जागची हलणार नाही.

वीज जाऊन आली की काय होतं तेही बघा. वरच्या टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं, पातळी चढते, वीज येताच स्किमर उफाळतो आणि कप भरून खारं पाणी बाहेर वाहू लागतं. संपमधलं पाणी कमी झालं असं समजून स्वयंचलित टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं यंत्र, गोडं पाणी सोडतं. असे २० लिटर गेले तर १८७ लिटरच्या टाकीत क्षारता (हजार भागांत मीठ किती) ३५वरून साधारण ३१-३२वर येते, आणि प्रवाळ एका रात्रीत आक्रसतात. उपाय स्वस्त आहे: स्किमर पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर लावा आणि कपाची नळी झाकणबंद डब्यात सोडा.

पाणी कुठलं, हेही सांगायला हवं. बडोद्याहून खंभातचं आखात नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, पण भरती-ओहोटीचा जोर एवढा की तिथलं पाणी गढूळच असतं. ते टाकीत नको. मही नदीकाठच्या फ्रेंच विहिरींचं असो की आजवा तलावाचं, नळाचं पाणी आरओ-डीआयमधून, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या गाळणीतून, काढून त्यात मीठ मिसळावं. क्लोरिन मारणारे जे थेंब मिळतात त्यांतल्या काहींत माशांच्या अंगावरचा चिकट थर वाढवणारी द्रव्यं असतात. ती पडली की स्किमर दिवसभर वेड्यासारखा फेसाळतो. हाताला लावलेलं क्रीम किंवा प्रवाळ चिकटवायची पुट्टीही असाच उच्छाद मांडते. उलट माशांना खाद्य घातल्यावर तासभर फेस बसतो, तो खाद्यातल्या तेलाने. तेव्हा फेसाची उंची ठरवणारी झडप फिरवू नका, आपोआप सुरळीत होतं.

स्किमर ताशी शेकडो लिटर हवा ओढतो, आणि ती हवा तुमच्या खोलीतलीच असते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, दिवाळीआधीचा रंग, फोडणीचा तेलकट धूर, सगळं पाण्यात उतरतं. हवेची नळी खिडकीबाहेर काढा. एसीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा पीएच उतरतो, तोही बाहेरच्या हवेने सुधारतो.

नवा स्किमर आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर चालवून धुवा. प्लास्टिकवरचा कारखान्यातला तेलकटपणा जाईपर्यंत, म्हणजे आठवडा ते पंधरा दिवस, फेस धड धरणार नाही. फेस धरू लागला की झडप अशी बसवा की कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी जमेल. गळ्याच्या आत चढणारा तपकिरी थर दर दोन-तीन दिवसांनी पुसायचा, कारण फेस त्यालाच अडकून फुटतो. हवा कमी झाल्यासारखी वाटली तर पंप खोलण्याआधी नळीचं टोक कोमट आरओ पाण्याच्या पेल्यात बुडवा. तोंडाशी साचलेलं मीठ विरघळतं आणि बुडबुडे परत येतात. नाहीच आले तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा.