फास्ट न्यूटोनियन: एफ/4चा आग्रह कुठून आला

8 इंची एफ/4 न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण; एफ/4 म्हणजे फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या चौपट), त्याला कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांना फुटणारी शेपटी, म्हणजे कोमा, काढणारं भिंग) आणि मागे एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कूल्ड कॅमेरा ही जोडणी डीप-स्कायवाल्यांमध्ये, म्हणजे दीर्घिका-तेजोमेघ टिपणाऱ्यांमध्ये, आता इतकी रुळली आहे की एफ/4च का, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं: एफ/8पेक्षा चौपट फास्ट. हे उत्तर फिल्मच्या जमान्यातलं. तेव्हा ते बरोबर होतं, किंबहुना कमीच होतं. आज ते जसंच्या तसं वापरलं की दुर्बीण निवडतानाचा हिशेब चुकतो.

न्यूटनच्या 1668च्या धातूच्या आरशापासून 1850च्या दशकात काचेवर चांदी चढू लागली तिथपर्यंतचा काळ इथे सोडून देता येतो. छायाचित्रणासाठी महत्त्वाचं साल 1883. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये 36 इंची, एफ/5.8 परावर्तकावर मृगातल्या तेजोमेघाची प्लेट घेतली गेली आणि त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे तिच्यावर उमटले. पुढे ऑक्टोबर 1923मध्ये देवयानी दीर्घिकेतला सेफिड (ठरावीक काळाने उजळ-मंद होणारा तारा) सापडला, तोही माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीच्या न्यूटोनियन फोकसवर. तिचा आरसा साधारण एफ/5. हौशी मंडळी मात्र बराच काळ एफ/8वर राहिली. कारण काचकामाचं. 6 इंची एफ/8 आरसा गोलाकारच ठेवला, पॅराबोला दिलाच नाही, तरी परतणाऱ्या प्रकाशाच्या तरंगातली चूक पाव तरंगलांबीच्या आसपास राहते. 8 इंची एफ/4ला तीच पावणेतीन तरंगलांबींवर जाते.

मग फिल्म आली आणि एफ/4ची गरज खरोखर पडली. मंद प्रकाशात फिल्म आळसावते. प्रकाश निम्मा झाला तर एक्स्पोजर दुप्पट करून भागत नाही, साध्या फिल्मवर अडीच पट लागतं. म्हणजे एफ/4वरून एफ/8वर गेलं की चौपट नव्हे, सहा पटींहून जास्त वेळ. तोही क्रॉसहेअरच्या आयपीसवर डोळा लावून, हाताने गायडिंग करत, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवत. 1980च्या दशकात टेक्निकल पॅन 2415 फिल्म नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणात उबदार ठेवून हायपर (जास्त संवेदनशील) करायची पद्धत रुळली ती याच दुखण्यावर. तरीही फिल्मच्या दर चौरस मिलिमीटरला किती प्रकाश पडतो, हेच निर्णायक राहिलं, आणि ते ठरवणारा आकडा म्हणजे फोकल रेशो.

सेन्सरला हा आळस नाही, आणि इथूनच तो न संपणारा वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, वेळ फोकल रेशोवर ठरतो. दुसरी म्हणते, ॲपर्चरवर, म्हणजे आरशाच्या व्यासावर. दोघेही अर्धवट बोलतात. 3.76 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा 200 मिमी एफ/4वर लावा: पिक्सेलमागे आकाशाचा 0.97 आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). तोच 200 मिमी एफ/8वर लावा: 0.48. दीर्घिकेकडून आलेले फोटॉन दोन्हीकडे तेवढेच, कारण आरसा तेवढाच. एफ/8ची फ्रेम 2×2 बिन केली (चार पिक्सेल मिळून एक केला) की स्केल सारखं आणि सिग्नलही जवळपास सारखा. मग एफ/4ने दिलं काय? चौपट आकाश. देवयानी दीर्घिका, रोझेट तेजोमेघ अशा पसरट लक्ष्यांसाठी हे फार मोठं देणं आहे. छोट्या दीर्घिकेला त्याचा उपयोग नाही. उलट 100 मिमी एफ/4 घेतली तर पिक्सेल तितकेच भरतात, पण त्या दीर्घिकेला मिळणारा प्रकाश एक चतुर्थांश. फोकल रेशो एकच असूनही या दोन दुर्बिणी एकसारख्या नाहीत, हे मान्य केलं की निम्मा वाद मिटतो.

उरलेला निम्मा रीड नॉइजचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर स्वतः घालतो त्या गोंगाटाचा. आकाशाच्या उजेडाखाली रीड नॉइज दडून जावा यासाठी लागणारा सब (एकेक सुटं एक्स्पोजर) त्या नॉइजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 9 इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या सीसीडीला (जुन्या प्रकारच्या सेन्सरला) 15 मिनिटं लागत असतील, तर 1.5 इलेक्ट्रॉनच्या सीमॉसला (आजच्या सेन्सरला) 25 सेकंद पुरतात. सीसीडीच्या काळात म्हणूनच एफ/8वर लांब सब आणि कडक गायडिंग अटळ होतं. आज ब्रॉडबँडमध्ये (रुंद रंगपट्ट्याच्या फिल्टरवर) हा मुद्दा जवळपास संपला आहे. नॅरोबँडमध्ये (काही नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात), विशेषतः काळ्याशार आकाशाखाली, फास्ट नळी अजून वरचढ ठरते. आणि ‘एफ/4’ म्हणताना सेकंडरीचाही (नळीतल्या दुसऱ्या, छोट्या आरशाचाही) हिशेब धरा: 67 मिमीचा आडवा आरसा 200 मिमीतलं 11 टक्के क्षेत्र झाकतो, म्हणजे प्रकाशापुरती ती एफ/4.2 असते.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एफ/4वर कोमापासून पुरतं मोकळं वर्तुळ जेमतेम दीड मिमीचं. एपीएस-सीचा कर्ण 28 मिमी. करेक्टर म्हणूनच अनिवार्य. बहुतेक करेक्टर स्वतःपासून सेन्सरपर्यंत 55 मिमी अंतर मागतात. हा आकडा प्रकाशशास्त्रातून आलेला नाही, 35 मिमी कॅमेऱ्यांसाठीच्या जुन्या टी-माउंट या जोडणीमधून आलाय. एसएलआरचे 44 आणि टी-रिंगचे 11. सीमॉस कॅमेऱ्याचे 17.5, फिल्टर व्हीलचे 20, ऑफ-ॲक्सिस गायडरचे (कडेचा प्रकाश गायडिंगसाठी वळवणाऱ्या भागाचे) 16.5 धरले तर 54 होतात, आणि लोक 1 मिमीची रिंग टाकून मोकळे होतात. पण 3 मिमी जाडीचा फिल्टर फोकस सुमारे 1 मिमी मागे ढकलतो, त्यामुळे रिंग 2 मिमीची हवी. चारही कोपऱ्यांत तारे सारखेच लांबलेले दिसले तर अंतर चुकलंय. एकाच बाजूला दिसले तर आधी टिल्ट (सेन्सरचा कल) किंवा कॉलिमेशन (आरशांची जुळणी) तपासा.

फोकसची सवलतही एफ/4वर उरत नाही. एकूण मोकळीक 35 मायक्रॉन. एफ/8वर ती 140 असते. 800 मिमीची पोलादी नळी एका अंशाला साडेनऊ मायक्रॉन आखडते. देशावर डिसेंबरात अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत पारा 8-10 अंश सहज उतरतो, म्हणजे फोकस दोनदा-तीनदा निसटतो. संध्याकाळी बाख्तिनोव्ह मास्कने (फोकस जुळवायला तोंडावर लावायच्या जाळीने) साधलेला फोकस रात्रभर टिकेल ही अपेक्षा एफ/8वाल्यांची. इथे ऑटोफोकस दर दोन अंशांना चालवावा, किंवा कार्बन फायबरची नळी घ्यावी.

आता न्यूटोनियन एफ/3च्याही खाली जाऊ लागल्यात, आणि त्यांच्यासोबत फिल्टरचा प्रश्न आला. एफ/4च्या शंकूतले कडेचे किरण सुमारे 7 अंशांनी तिरके येतात आणि एच-अल्फाच्या (हायड्रोजनच्या लाल प्रकाशाच्या) फिल्टरचा पट्टा त्यांच्यासाठी सव्वा नॅनोमीटरच्या आसपास निळ्याकडे सरकतो. 7 नॅनोमीटरच्या फिल्टरला हे चालून जातं, 3च्या फिल्टरला जाणवतं. एफ/2वर सरक पावणेपाच नॅनोमीटरच्या घरात जाते. तिथे पट्टा आधीच सरकवून बनवलेले वेगळे फिल्टर घ्यावे लागतात, आणि ते संथ दुर्बिणीवर वापरता येत नाहीत.