शंभरी उलटलेला अतिवास्तववाद आणि कोकणातली सुटी माणसं

स्वप्नाला आणि अबोध मनाला मोकळं सोडून लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यांची चळवळ म्हणजे अतिवास्तववाद (सर्रिअलिझम). तिच्या जाहीरनाम्याला २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली आणि तेव्हापासून या चळवळीच्या बातम्या दोन दारांनी येताहेत. एक दार मोठं. पॅरिसच्या पोंपिदू सेंटरने सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं भलंथोरलं प्रदर्शन भरवलं. दालनं भूलभुलैयासारखी गोल गोल फिरवणारी आणि मधोमध चळवळीचा म्होरक्या, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ याच्या हस्ताक्षरातला मूळ जाहीरनामा. त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात रने माग्रीत या अतिवास्तववादी चित्रकाराचं एक चित्र बारा कोटी डॉलरांच्या वर गेलं. दुसरं दार चिंचोळं. लीड्स, प्राग, माद्रिद, स्टॉकहोम इथले छोटे गट अजून अंक काढतात, पत्रकं छापतात, एकमेकांना प्रश्नावल्या पाठवतात, खेळ मांडतात. आपल्या रविवार पुरवण्यांत पहिल्या दाराची बातमी येते. दुसऱ्या दारातून काय येतं ते कळायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे अतिवास्तववाद म्हटलं की दालीची वितळलेली घड्याळं डोळ्यांपुढे येतात. चूक काही नाही त्यात, पण क्रम उलटा झाला. या मंडळींची चित्रं गाजली ती मागाहून. आधी कवी जमले आणि त्यांनी अंक काढला.

‘सुर्रेआलिस्त’, म्हणजे अतिवास्तववादी, हे विशेषण कवी गियोम अपोलिनेरने १९१७ मध्ये वापरलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ब्रेताँ तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी. सैन्याच्या मनोरुग्णालयात काम करताना त्याला फ्रॉइडच्या पद्धतींची ओळख झाली. पेशंटला न अडवता बोलू द्यायचं, हे तंत्र त्याने स्वतःवरच लावून बघितलं. १९१९ मध्ये त्याने आणि फिलिप सुपोने ठरवून, न थांबता, न खोडता, हात जाईल तिकडे लिहिलं. त्याला पुढे स्वयंचलित लेखन म्हणू लागले. १९२४ च्या ऑक्टोबरात जाहीरनामा आला. गंमत म्हणजे इव्हान गोल या कवीने त्याच नावाखाली आपला वेगळा जाहीरनामा दोन आठवडे आधीच काढला होता. नावाच्या मालकीवरून दोघांत चांगलीच जुंपली आणि ब्रेताँची सरशी झाली. साहित्यातली भांडणं आपल्याकडेच होतात असं नाही.

त्याच महिन्यात पॅरिसमध्ये ग्रनेल रस्त्यावर १५ नंबरच्या इमारतीत त्यांनी चक्क ऑफिस उघडलं: अतिवास्तव संशोधन कचेरी. रोज दुपारी साडेचार ते साडेसहा. कुणीही यावं, आपलं स्वप्न, एखादा चमत्कारिक योगायोग सांगावा आणि नोंदवून जावा. छताला बाईचा एक पुतळा टांगलेला. डिसेंबरात अंकही सुरू झाला. मुद्दाम रूक्ष, एका लोकप्रिय विज्ञान-मासिकाच्या धर्तीवर मांडलेला, दोन रकान्यांत स्वप्नांच्या नोंदी. चित्रविचित्र मुखपृष्ठाची अपेक्षा ठेवून उघडणाऱ्याला तो जंतुशास्त्राचा अंक वाटावा. पहिल्याच अंकात वाचकांना प्रश्न होता: आत्महत्या हा उपाय आहे का? उत्तरं पाठवा. आलेली उत्तरं त्यांनी दुसऱ्या अंकात खरोखरच छापली. १९२९ पर्यंत असे बारा अंक निघाले.

इथे मला थोडं रेंगाळावंसं वाटतं, कारण आजचे गट जे करतात त्याचा साचा या बारा अंकांत जवळजवळ पूर्ण तयार आहे. सगळ्यांच्या सह्यांची पत्रकं, वाचकांना विचारलेले अवघड प्रश्न, स्वप्नांच्या नोंदी, एकत्र खेळायचे खेळ. राजकारणही त्यातच. १९३१ मध्ये पॅरिसला वसाहतींचं भव्य प्रदर्शन भरलं तेव्हा या लोकांनी ‘बघायला जाऊ नका’ असं पत्रक वाटलं. गुलाम देशांतल्या कवींना ते जवळचे का वाटले, त्याचं कारण बरंचसं इथे सापडतं. कैरोत जॉर्ज हनैन आणि मित्रांनी १९३८ मध्ये गट उभा केला. मार्तिनिक बेटावर एमे आणि सुझान सेझेर यांनी ऐन महायुद्धात, १९४१ ते १९४५, आपलं नियतकालिक चालवलं.

ब्रेताँ १९६६ मध्ये गेला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, गटातल्याच जाँ शुस्टरने ‘ल मोंद’ दैनिकात लेख लिहून पॅरिसचा संघटित गट संपल्याचं सांगून टाकलं. कलेतिहासाची पाठ्यपुस्तकं बहुधा इथे, किंवा याच्याही आधी, पडदा पाडतात. पण सगळ्यांनी ते मानलं नाही. पॅरिसमध्येच व्हँसाँ बुनूरने उरलेल्यांना धरून संपर्कपत्रिका सुरू ठेवली. शिकागोत फ्रँकलिन आणि पेनेलोपी रोझमाँट यांनी १९६६ मध्येच गट स्थापला होता. त्यांचा अंक १९७० मध्ये आला. प्रागची कथा सगळ्यांत चिवट. व्रातिस्लाव एफनबर्गरच्या गटाने १९६९ मध्ये ‘अनालोगोन’चा पहिला अंक काढला आणि सरकारने लगेच दार बंद केलं. पुढचा अंक निघाला १९९० मध्ये, कम्युनिस्ट राजवट पडल्यावर. मधली वीस वर्षं टंकलिखित प्रती हातोहात फिरत राहिल्या. चित्रपटकार यान श्वांकमायर याच गटातला. लीड्सचा गट १९९४ चा, त्याच्या अंकाचं नाव ‘फॉस्फर’. नव्या प्रकाशनांची बातमी म्हणतात ती या वंशावळीतली.

आणि १९६९ म्हटलं की मराठी वाचकाला वेगळंच काही आठवायला हवं. त्याच वर्षी मुंबईत ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकाचा अंक जाळला गेला. अनियतकालिकांचा, म्हणजे लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांचा तो भर होता. त्याची सुरुवात १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्या सायक्लोस्टाइल ‘शब्द’ने केली होती, अशोक शहाणे यांचा ‘असो’ १९६३ चा. कोलटकरांच्या सुरुवातीच्या मराठी कवितांतल्या प्रतिमा समीक्षकांनी अतिवास्तवाशी जोडल्या आहेत आणि ते पटतं. पण माझ्या मते जास्त जवळचं नातं कागदाचं आहे: कमी प्रती, घरचा खर्च, संपादक म्हणजे मित्र आणि वर्गणीदार म्हणजेही मित्रच.

आता कोकणच्या किनाऱ्याकडे. अतिवास्तवाच्या आसपास ज्यांची नावं निघतात, त्यांतले कितीजण समुद्राकाठचे आहेत बघा. सदानंद रेगे राजापूरचे. मायकोव्स्की या रशियन कवीच्या ढगाला त्यांनी मराठीत पँट घातली, म्हणजे त्याची ‘पँट घातलेला ढग’ ही कविता मराठीत आणली, आणि १९८० च्या संग्रहाला ‘ब्रांकुशीचा पक्षी’ असं नाव दिलं. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडच्या बागलांच्या राईतले. विलास सारंग कारवारचे. एका कथेत त्यांनी असं बेट रचलं, जिथल्या बायकांना एक तर कमरेवरचंच शरीर असतं किंवा कमरेखालचंच, आणि निवेदन मात्र एखाद्या मुलाखतीसारखं कोरडं. १९२४ च्या त्या रूक्ष अंकाच्या संपादकांना ही कथा नक्की आवडली असती.

आणि नागावचे प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या या गावात, नारळी-पोफळीच्या वाड्यांत, १९३६ मध्ये त्यांचा जन्म. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी, मग मुंबई. त्यांचं एखादं चित्र जवळून पाहा. घराच्या दारं-खिडक्यांना लावतात तसला एनॅमल रंग, त्याचे सपाट, गुळगुळीत पट्टे. कडेला कुठे तरी रंग आपसूक ओघळून थांबलेला. त्या मोकळ्या जागेत एक पान, एक शिंपला, एक घड्याळ, प्रत्येक वस्तू दुसरीपासून हातभर लांब. सावल्या जवळपास नाहीतच, त्यामुळे वस्तू ठेवलेल्या आहेत की तरंगताहेत ते ठरत नाही. दालीच्या घड्याळाला कसलासा ज्वर चढलेला असतो. बरव्यांचं घड्याळ शांत असतं, फक्त ते कुठे आहे ते कळत नाही. १९९० मध्ये आलेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये त्यांनी ही वस्तू सुटी करण्याची प्रक्रिया स्वतःच्या शब्दांत मांडली आहे. त्यांना अतिवास्तववादी म्हणावं का, यावर वाद घालता येईल. ते कुठल्याही जाहीरनाम्यावर सही करणारे नव्हते.

माझं निरीक्षण नेमकं तेच आहे. किनाऱ्याने माणसं दिली, गट दिला नाही. बरवे, रेगे, सारंग मुंबईला गेले आणि तिथेही आपापल्या टेबलाशी बसले. खानोलकरही शेवटी मुंबईतच स्थिरावले. रत्नागिरीत, सावंतवाडीत भरलेली वाचनालयं होती, दिवाळी अंक वाचणारे होते, मालगुंडला तर केशवसुतांचं स्मारक आहे, ज्यांनी ‘झपूर्झा’ १८९३ मध्येच लिहून ठेवली. पण चार जणांनी मिळून एक कागद लिहावा आणि तो कुणाचा एकट्याचा नसावा, ही पॅरिसच्या मंडळींची मूळ खोड इथे लागली नाही.

यावर लगेच कुणी तरी म्हणेल, अहो, आपला दशावतार आहे की. संहिता नाही, रंगपटात कथानक सांगतात, मग नट रात्रभर आयत्या वेळी संवाद रचतात. आड-दशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबवणारा संकासुर मालवणीतून वाट्टेल ते बोलतो. हे साम्य मोहात पाडतं, पण मला ते फार ताणवत नाही. दशावतारात शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, आणि खेळ देवाच्या जत्रेत, देवापुढे होतो. पॅरिसवाल्यांनी १९२६ मध्ये आपल्या अंकात एक फोटो छापला होता, खाली ओळ: आमचे सहकारी बाँजामाँ पेरे एका पाद्र्याला शिव्या घालताना. रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्याला आणि पेरेला एका पंगतीला बसवण्यात दोघांवरही अन्याय आहे. सामायिक आहे ती फक्त आयत्या वेळची, सामुदायिक रचना.

ती रचना करून बघायची असेल तर १९२५ च्या सुमाराचा एक खेळ अजून सगळ्या गटांत खेळला जातो. कागदावर एकाने शब्द लिहायचा, घडी घालून झाकायचा, पुढच्याकडे द्यायचा. पाच घड्यांनंतर उघडायचं. पहिल्या खेळातलं वाक्य निघालं ‘उत्कृष्ट प्रेत नवी दारू पिईल’ आणि खेळाचं नावच ‘उत्कृष्ट प्रेत’ पडलं. फ्रेंचमध्ये क्रम नाम, विशेषण, क्रियापद, नाम, विशेषण असा. मराठीत तो जसाच्या तसा चालत नाही. विशेषण, नाम, विशेषण, नाम आणि शेवटी क्रियापद असा लावावा लागतो. विशेषणं लिंगाप्रमाणे न बदलणारी घ्यावीत: खारट, लाल, उपाशी, बेवारस. क्रियापद भविष्यकाळी एकवचनी ठेवावं, म्हणजे ‘विकेल’, ‘गिळेल’ कुणालाही लागू पडतं. भूतकाळ घेतला की ‘ने’ आणि लिंगवचनाचा घोळ सुरू. दुसरं नाम सजीव निघालं तर उघडताना ‘ला’ लावायची मुभा. ‘खारट वकील उपाशी होडी विकेल’ इतपत पीक पहिल्याच फेरीत येतं. शेवटची घडी उघडेपर्यंत कुणी हसायचं नाही, हा नियम मात्र पॅरिसचा नाही, माझा आहे.