सत्तेची माणसे: इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये

सत्तेभोवतीच्या वर्तुळासाठी इंग्रजीत वापरतात तो 'एस्टॅब्लिशमेंट' हा शब्द पोर्तुगीजमध्ये शब्दशः न्यायला जावे, तर हाती दुकान लागते. त्या भाषेत 'इश्ताबेलेसिमेंतु' म्हणजे धंद्याची जागा. म्हणून तिकडची वर्तमानपत्रे बहुतेकदा इंग्रजी शब्दच तसाच ठेवतात, नाहीतर 'सिस्तेमा', म्हणजे व्यवस्था, म्हणतात. मराठीला 'प्रस्थापित' सापडला, तसा चपखल शब्द तिथे रुळला नाही.

अडचण शब्दाच्या जन्मापासूनची आहे. बर्जेस आणि मॅक्लीन हे सोव्हिएत हेर असलेले ब्रिटिश मुत्सद्दी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियाकडे पळाले. त्यांच्या कुटुंबांभोवती वरच्या वर्तुळातली ओळखीची माणसे कशी कडे करून उभी राहिली, हे दाखवताना हेन्री फेअरली या पत्रकाराने १९५५ मध्ये लंडनच्या 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. त्याला नुसती अधिकारपदे म्हणायची नव्हती. त्या पदांभोवतीचे सगळे लागेबांधे म्हणायचे होते. 'उच्चभ्रू' किंवा 'सत्ताधारी' अशा अर्थाचा शब्द घातला, की नेमके हे लागेबांधेच गळून पडतात.

'द पॉवर्स दॅट बी', म्हणजे सत्तेवर असलेले, हा प्रयोग त्याहून कितीतरी जुना. विल्यम टिंडेलने बायबलच्या नव्या कराराच्या १५२६ च्या इंग्रजी भाषांतरात, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात, तो लिहिला. पोर्तुगीजमध्ये तेच वचन आणले जुआंव फरेरा द आल्मेदा याने. हा पोर्तुगालात जन्मलेला प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, राहत होता, आणि त्याचा नवा करार १६८१ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या परंपरेतल्या बायबलात इथे 'पोतेस्तादिस', म्हणजे सत्ता, हा भारदस्त शब्द आहे. पण आज कुणी इंग्रजीत म्हणाले, की 'पॉवर्स दॅट बी'नी आमची बस बंद केली, तर तिथे 'पोतेस्तादिस' घालणे म्हणजे बसथांब्यावर प्रवचन सुरू करणे. 'केंग मांदा', म्हणजे हुकूम सोडणारे, एवढे पुरते. आपण 'वरून आदेश आलाय' म्हणतो, तितकेच साधे.

सगळ्यात मोह पडतो तो ब्राझीलच्या 'कोरोनेल'चा. शब्दाचा अर्थ कर्नल. १८३१ मध्ये तिथे राष्ट्रीय रक्षक दल उभे राहिले आणि त्यातली वरची पदे गावोगावच्या जमीनदारांकडे गेली. पुढे दल गेले, पदवी मात्र माणसाला चिकटून राहिली. मतदान गुप्त नव्हते तोवर कुळांची मते कोरोनेलच्या मुठीत असत. अशा मताला 'व्होतु द काब्रेस्तु' म्हणत, म्हणजे दाव्याला बांधलेले मत. गुरांना बांधतात तेच दावे. गुप्त मतदान १९३२ च्या निवडणूक कायद्याने आले. एवढा इतिहास पोटात असलेला शब्द भाषांतरकाराला जवळचा वाटणारच. तरी इंग्लंडच्या खेड्यातल्या उमरावाला 'कोरोनेल' म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच ईशान्य ब्राझीलची तापलेली जमीन आणि बंदूकधारी गडी उभे राहतात, आणि इंग्लंड पुसले जाते.

कंपूसाठी 'पानेलिन्या', म्हणजे छोटे पातेले, हा शब्द मात्र कुठेही खपतो. 'दोनुस दु पोदेर', सत्तेचे मालक, हेही चालते. रायमुंदु फाओरू यांच्या १९५८ च्या ग्रंथाचे ते नाव आणि आता सर्रास वापरातला प्रयोग.

लंडनच्या बड्या सरकारी सचिवांना इंग्रजी 'मँडरिन' म्हणते, आणि इथे भाषांतरकाराला काही शोधावेच लागत नाही. तो शब्द इंग्रजीत गेला तोच पोर्तुगीज 'मांदारिं'वरून. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतले. त्या भागातल्या मलय लोकांकडून त्यांनी 'मंतेरी' उचलला आणि हुकूम करणे या अर्थाच्या आपल्या 'मांदार' या क्रियापदाच्या वळणाने तो बोलू लागले. मलय भाषेत तो संस्कृतातून गेलेला होता. मूळ शब्द 'मंत्री'.