युद्धकालीन सैनिकांची वृत्तपत्रीय छायाचित्रे, मराठवाड्यातील

पहिल्या महायुद्धापासून 1971 च्या भारत-पाक युद्धापर्यंत वृत्तपत्रांत व नियतकालिकांत छापून आलेली आणि कात्रणे, जुने अंक किंवा मूळ प्रती यांच्या रूपाने टिकलेली, मराठवाड्याशी संबंधित सैनिकांची छायाचित्रे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तोपर्यंतची चित्रे बहुधा ‘हैदराबाद’ याच नावाखाली सापडतात.

चित्रओळीतील हे नाव किमान तीन वेगळ्या दलांना लागू पडते. पहिले, संस्थानची स्वतःची फौज. तिचे इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स (घोडदळ) पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइन आघाडीवर होते, तर डिसेंबर 1941 मध्ये पहिली हैदराबाद इन्फंट्री मलायात कोटा बारू येथील विमानतळाच्या रक्षणास होती. दुसरे, हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेली फौज. औरंगाबाद, जालना, हिंगोली व मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे तिच्या छावण्या होत्या. 1903 मध्ये ती हिंदी सैन्यात विलीन झाली व तिच्या घोडदळातून 20 वा डेक्कन हॉर्स पुढे आला. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत हाय वुडजवळ या रिसाल्याने चढाई केली. त्या सुमाराची त्याची छायाचित्रे सुपरिचित आहेत. तिसरे दल म्हणजे 1922 मध्ये बांधलेली 19 वी हैदराबाद रेजिमेंट. तिच्यात पुढे कुमाऊँनी, जाट व अहीर यांचाच भरणा होता आणि 1945 मध्ये तिचे नावही कुमाऊँ रेजिमेंट झाले. (सिंधमधील हैदराबादमुळे होणारा घोटाळा निराळाच.) छावण्या इथल्या म्हणून शिपाईही इथलेच, असे मानण्याकडे स्थानिक लेखनाचा कल दिसतो. तथापि डेक्कन हॉर्समध्ये दख्खनी मुसलमानांबरोबर शीख व जाटही होते. त्यामुळे गावाचा उल्लेख नसलेले चित्र मराठवाड्याच्या खाती न टाकणेच अधिक ग्राह्य वाटते.

ओळख पटविण्यात छपाईचीही अडचण येते. हाफटोन पद्धतीत छायाचित्र जाळीतून ठिपक्यांत फोडून जस्ताच्या ब्लॉकवर उतरवीत. दैनिकांच्या हलक्या कागदासाठी जाळी जाड वापरावी लागे, त्यामुळे खांद्यावरील अक्षरे व टोपीवरील बिल्ला बहुधा पुसट होतो. ब्लॉक जपून ठेवून पुन्हा वापरीत. म्हणून अंकाच्या तारखेवरून छायाचित्र त्यापूर्वीचे एवढेच ठरते.

निजामी राजवटीतील निर्बंधांमुळे मराठवाड्यातील मराठी वृत्तपत्रसृष्टी दीर्घकाळ तुटपुंजी राहिली. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ 1930 च्या दशकाच्या अखेरीस निघाले, तेही पुण्याहून. साहजिकच या काळासाठी पुण्या-मुंबईच्या अंकांवर भिस्त ठेवावी लागते.

1962, 1965 व 1971 च्या युद्धांतील चित्रे दोन प्रकारची आहेत : सरकारी प्रसिद्धी खात्यांकडून आलेली आघाडीची दृश्ये, आणि कुटुंबीयांनी दिलेली स्टुडिओतील एकस्तंभी छबी. मराठा लाइट इन्फंट्री व 1941 मध्ये बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट यांतील जवान या दुसऱ्या प्रकारात भेटतात.

कालनिश्चितीस चित्रओळीतील जिल्ह्याचे नाव उपयोगी पडते. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये अस्तित्वात आला. यांपैकी एखाद्या जिल्ह्याचा उल्लेख असलेले 1971 च्या जवानाचे कात्रण युद्धकालीन नसून पुढे स्मरणार्थ छापलेले समजावे.