वैमानिक प्रशिक्षणार्थींची निवड : पैसे भरण्याआधी हे वाचा
(विद्यार्थी व पालकांसाठी, जुळे सोलापूर)

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाल्यापासून आमच्या तयारी वर्गात येणारे पालक पहिला प्रश्न हमखास विचारतात, "बारावीला किती टक्के लागतात?" विमान कंपन्या टक्क्यांची किमान अट घालतात, पण निवड टक्क्यांवर होत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. नसेल तर हे विषय मुक्त विद्यालयातून नंतर देता येतात.

सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. 'डीजीसीए'च्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडे आधी क्लास टू, मग त्याहून कडक क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र. व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागतंच, म्हणून ते फी भरण्याआधी हातात असावं असा आमचा आग्रह आहे. चष्मा असला म्हणून घाबरू नका. चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत आली की चालतं. रंगांधळेपणाची तपासणी मात्र आधीच करा. जमीन विकून प्रशिक्षण सुरू करायचं आणि मग डोळे अडवतात हे कळायचं, असं कुणाच्याही घरी होऊ नये.

यानंतरची, कंपनीच्या निवडीतली संगणकावरची चाचणी मुलांना अनोळखी वाटते. जॉयस्टिकने एक ठिपका चौकटीत धरून ठेवायचा आणि त्याच वेळी हेडफोनवर येणारी गणितं सोडवायची. दिशा, उंची, वेग यांचे आकडे एकदाच ऐकून लक्षात ठेवायचे. कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) आणि होकायंत्र पाहून विमान कुठे झुकलंय आणि कोणत्या दिशेला चाललंय ते ओळखायचं. दोन कामं एकत्र आली की कोणतं आधी सांभाळायचं आणि चूक झाल्यावर पुढचं काम बिघडतं का, हे इथे दिसतं. सरावाने भीती जाते, गुणही थोडे वाढतात. पण उत्तरं पाठ करून इथे काही साधत नाही.

गटचर्चेत मोठ्याने बोलणारा जिंकतो, हा गैरसमज आम्हाला रोज दूर करावा लागतो. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवर असेल, ही शंका उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. अशा अपघातांनंतर कॉकपिटमधल्या एकमेकांशी वागण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. म्हणून निरीक्षक बघतात, की तुम्ही दुसऱ्याचं ऐकता का, आणि वरिष्ठ चुकत असेल तर नम्रपणे पण स्पष्ट सांगता का. घरी वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसायची सवय असलेल्या आपल्या मुलांना हेच जड जातं. आमच्या वर्गात सर्वाधिक वेळ आम्ही यालाच देतो.

व्यक्तिमत्त्व चाचणीत एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतात. तिथे खरं लिहा. मुलाखतीतही अपयशाबद्दल विचारलं तर घडलं तसं सांगा. इंग्रजी साधं पण स्वच्छ हवं. घरी मराठी, कन्नड की तेलुगू बोलता याने काही बिघडत नाही.

व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च मोठा आहे. कंपनीच्या कॅडेट कार्यक्रमात (विमान कंपनीने निवडून प्रशिक्षण देण्याच्या योजनेत) तो कोटीच्या घरात जाऊ शकतो. पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. आम्ही तयारी करून घेतो. निवडीची हमी देत नाही, कुणी देऊही शकत नाही.

भेटायला येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, चष्म्याचा नंबर आणि जुन्या आजारांचे कागद आणा. मुलाला किंवा मुलीला सोबत आणाच. पहिला अर्धा तास आम्ही त्यांच्याशीच बोलतो.