राष्ट्रीय फुप्फुस-कर्करोग ऑडिट (इंग्लंड व वेल्स)

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना कोणत्या रुग्णालयात काय उपचार मिळतात, याची मोजदाद करून ती रुग्णालयवार जाहीर करणारी ब्रिटनमधील व्यवस्था. या आजारात ब्रिटनमधील रुग्ण युरोपातील अनेक देशांच्या मानाने कमी जगतात, हे 'युरोकेअर' अभ्यासांतून दिसले होते. त्यानंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2005 च्या सुमारास हे काम उभे केले. आरंभी रुग्णालये 'लुकाडा' नावाच्या माहितीसंचात नोंदी भरत. पुढे इंग्लंडपुरती ही माहिती कर्करोग नोंदणीतून घेतली जाऊ लागली.

निदानाला बायोप्सीचा (गाठीचा नमुना काढून केलेल्या तपासणीचा) आधार आहे का, शस्त्रक्रिया किती जणांवर झाली, लघुपेशी (स्मॉल सेल) या झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारच्या कर्करोगात केमोथेरपी मिळाली का, वर्षभरानंतर किती रुग्ण हयात आहेत, हे त्यातील मुख्य निकष. तज्ज्ञ परिचारिकेची भेट किमान 90 टक्के रुग्णांना मिळावी, अशीही अपेक्षा असते. ती भेट झालेल्यांना उपचार अधिक मिळाल्याचे दिसते. अर्थात त्यातले काही मुळातच धडधाकट असणार.

नुसत्या टक्केवारीने न्याय होत नाही. वयोवृद्ध, उशिरा आलेले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण ज्यांच्याकडे जास्त, त्या रुग्णालयांचे आकडे पडेलच दिसणार. म्हणून वय, आजाराचा टप्पा, रुग्ण कितपत हिंडूफिरू शकतो, इतर आजार आणि आर्थिक-सामाजिक स्थिती यांचा हिशेब करूनच तुलना होते. तरीही फार मागे पडलेल्या रुग्णालयाकडे खुलासा मागितला जातो.

सर्वांत बोलका बदल शस्त्रक्रियेत दिसला. लघुपेशी नसलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेचे प्रमाण सुरुवातीला सुमारे 9 टक्के होते. 2017 पर्यंत ते 18 टक्क्यांच्या आसपास गेले. याचे सगळे श्रेय ऑडिटला देता येणार नाही, कारण दरम्यान छातीच्या शल्यविशारदांची संख्या वाढली आणि कर्करोग शरीरात कुठवर पसरला ते दाखवणारा पेट-सीटी स्कॅनही रुळला. मात्र छातीची शस्त्रक्रिया जिथे होते अशा रुग्णालयात पहिली तपासणी झालेल्या रुग्णाला ती मिळण्याची शक्यता जास्त, ही विषमता याच नोंदींतून उघड झाली.

बायोप्सीचा निकष मात्र अडचणीचा ठरला. आकडा वाढवायचा म्हणून ज्याच्या उपचारात त्याने काहीच फरक पडणार नाही, अशा जर्जर रुग्णालाही सुई टोचली जाण्याचा धोका होता. त्यामुळे सरसकट प्रमाणाऐवजी सुरुवातीच्या टप्प्यातील, तब्येतीने बऱ्या रुग्णांपुरताच हा निकष लावण्याकडे कल झाला.